आकडा कुणी टाकला?

मंडळी, गेल्या वेळी लिटरेचर रिव्ह्यू कसा लिहावा यावर बोललो होतो. आज कोर्सवर्कमधला असा विषय घेतोय ज्यात सगळे पास होतात आणि जो नंतर फारसं कुणी उघडत नाही: व्यवसायातली आणि संशोधनातली नीतिमत्ता. तुम्ही इलेक्ट्रिकलचे असाल आणि पीएचडीच्या तयारीत असाल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. दुसऱ्या शाखेचे असाल तरी वाचा. मोटारपंपाच्या जागी तुमच्या विषयातली वस्तू धरा.

आधी एका शब्दाबद्दल. बाभुळगाव तालुक्यात 'आकडा' म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक वहीतला आकडा. दुसरा तारेवरचा. वायरचं टोक वाकवून लाईनवर अडकवायचं आणि मोटार चालवायची, याला आकडा टाकणं म्हणतात. हा आकडा टाकणाऱ्यावर वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली गुन्हा दाखल होतो. वहीत न मोजलेला आकडा टाकणाऱ्यावर सहसा काहीच होत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की इलेक्ट्रिकल इंजिनिअरच्या नीतिमत्तेचा मोठा प्रश्न या वहीतल्या आकड्याचा आहे, आणि आपल्याला जी नीतिमत्ता शिकवली जाते ती नेमकी याच्या बाजूने निघून जाते.

आपल्याला काय शिकवतात?

यूजीसीने २०१८ साली वाङ्मयचौर्याचे नियम आणले. ते तुम्हाला पाठ असतील: दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठच्या वर अशा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला वाढती शिक्षा. २०१९ च्या शेवटी 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स' हा दोन क्रेडिटचा कोर्स पीएचडीच्या सगळ्या विद्यार्थ्यांना सक्तीचा झाला. तीस तास, सहा भाग. तत्त्वज्ञान आणि नीतिमत्ता, वैज्ञानिक आचरण, प्रकाशनाची नीतिमत्ता, ओपन ॲक्सेस, प्रकाशनातले गैरप्रकार, आणि शेवटी डेटाबेस व मेट्रिक्स.

हा कोर्स टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. बोगस जर्नल कसं ओळखायचं हे मला त्यातूनच कळलं, आणि त्यामुळे माझे पैसे वाचले. पण आराखडा नीट बघा. सहापैकी चार भाग छापण्याशी संबंधित आहेत. कुठे छापायचं, कसं छापायचं, छापलेल्याचं मोजमाप कसं करायचं. आकडा कुठून आला हा विषय वैज्ञानिक आचरणाच्या एका भागात येतो, आणि तिथे तीन पापं सांगितली जातात: आकडे बनवणं, आकडे बदलणं आणि दुसऱ्याचं ढापणं.

अडचण अशी, की प्रत्यक्षात आपली गाठ या तिन्हींशी फार क्वचित पडते. आपली गाठ पडते चौथ्याशी, आणि त्याचं नाव अंदाज. अंदाज करणं पाप नाही. इंजिनिअरिंग अंदाजावरच चालतं. पण अंदाज हा 'मोजलेला आकडा' म्हणून पुढे सरकला, की तो बनवलेल्या आकड्याचंच काम करतो. फरक इतकाच, की त्यात कुणी एकटा दोषी सापडत नाही. आणि साम्य तपासणारं सॉफ्टवेअर यात काहीही पकडत नाही. तुमच्या थिसिसचा रिपोर्ट सहा टक्के येईल आणि आतला प्रत्येक आकडा हवेतला असू शकतो.

एक समीकरण, दोन अज्ञात

आता खरं प्रकरण. महाराष्ट्रातलं आहे, जुनं आहे, आणि अजून संपलेलं नाही.

उपकेंद्रातून ११ केव्हीचा एक फीडर निघतो. त्याच्या तोंडाशी मीटर आहे. समजा त्यातून १०० युनिट बाहेर गेले. गावातली घरं, दुकानं, पिठाची गिरणी यांच्या मीटरवर ४० युनिट नोंदले गेले. उरले ६०. या ६० मध्ये दोन अनोळखी पाहुणे आहेत: विहिरींवरचे कृषिपंप आणि गळती. गळती म्हणजे तारा आणि रोहित्रं तापण्यात जाणारी वीज अधिक चोरी. पंपांना मीटर असता तर प्रश्न नव्हता. पण आपल्याकडे असंख्य कृषिपंपांचं बिल वर्षानुवर्षं हॉर्सपॉवरवर आलं. जितक्या एचपीची मोटार, तितके पैसे. चालवा किंवा न चालवा.

म्हणजे समीकरण एक आणि अज्ञात दोन. बारावीतला मुलगाही सांगेल की याचं एकच उत्तर निघत नाही. शेतीने ४५ युनिट वापरले म्हणा, गळती १५ टक्के. शेतीने ३० वापरले म्हणा, गळती थेट ३० टक्के. वर्षाच्या शेवटी गळती किती कमी केली यावर ज्याची पाठ थोपटली जाणार आहे, त्याच्याच टेबलावर शेतीचा वापर ठरणार असेल, तर आकडा कुठल्या बाजूला झुकेल हे सांगायला ज्योतिषी नको.

झुकवायला फार काही करावंही लागत नाही. एका भागात ५ एचपीचे १,००० पंप धरा. एकूण ५,००० एचपी, म्हणजे साधारण ३,७३० किलोवॉट. पंप वर्षाला १,२०० तास चालतो असं मानलं तर वापर ४४.७६ लाख युनिट. १,८०० तास मानलं तर ६७.१४ लाख. मधला फरक २२ लाखांहून जास्त युनिटांचा, आणि तो फक्त एका रकान्यातल्या 'तास' या आकड्यातून आला. (मोटारीची कार्यक्षमता मी इथे धरलेली नाही. ती धरली तर दोन्ही आकडे वाढतील, पण मुद्दा तोच राहील.)

शिवाय तो तासांचा आकडा येतो कुठून? रूढ पद्धत अशी: ज्या पंपांना मीटर आहे त्यांच्या वापरावरून एका एचपीमागे किती युनिट ते काढायचं आणि बिनमीटरच्या पंपांना तेच लावायचं. कागदावर ठीक आहे. पण मीटर असलेल्या पंपांचंही बिल 'मीटर नादुरुस्त' म्हणून सरासरीवर निघत असेल, तर आपण सरासरीची सरासरी काढतोय. आणि पाटीवर ३ एचपी लिहिलेली, दोनदा रिवाइंड झालेली मोटार वावरात प्रत्यक्ष किती खेचते हा प्रश्न अजून शिल्लकच आहे.

ज्यांनी विचारलं

१९९६ साली पुण्याच्या 'प्रयास'चे गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'मध्ये कृषिपंपांच्या अनुदानावर लेख लिहिला. हे अनुदान खरं कुणाच्या वाट्याला येतं हा त्यांचा प्रश्न. त्या काळात प्रयासची मंडळी सातत्याने एक गोष्ट मांडत होती: शेतीचा वापर फुगवून सांगितला जातोय आणि त्याआड गळती झाकली जातेय. तेव्हा मंडळ आपली गळती वीस टक्क्यांच्या आत दाखवत असे. १९९९ मध्ये राज्यात वीज नियामक आयोग आला, २००० मध्ये त्याने वीजदराचा पहिला आदेश दिला, आणि त्या प्रक्रियेत हिशेब उघड्यावर मांडावा लागला तेव्हा हीच गळती तीस टक्क्यांच्या घरात असल्याचं समोर आलं. एका वर्षात तारा काही दुप्पट तापायला लागल्या नव्हत्या. फक्त ६० मधली रेघ सरकली.

गोष्ट तिथे संपली असती तर हा इतिहासाचा लेख झाला असता. वीज कायदा २००३ च्या कलम ५५ ने दोन वर्षांनंतर अचूक मीटरशिवाय वीज देऊ नये असं सांगितलं. आयोगाला मुदत वाढवायची मुभा मात्र ठेवली. मीटर काही सगळीकडे लागले नाहीत. पुढे राज्य सरकारने सत्यशोधन समिती नेमली, आयआयटी मुंबईने पाहणी केली, आयोगाने स्वतःचा अभ्यासगट नेमला. ३० मार्च २०२० च्या आदेशात आयोगाने शेतीच्या वापराचा आकडा महावितरणच्या दाव्यापेक्षा कमी धरला आणि साहजिकच गळतीचा आकडा वर गेला. वीस वर्षांनी पुन्हा तीच रेघ, पुन्हा त्याच दिशेने सरकली.

या प्रकरणाकडे टीकेच्या नजरेने बघताना दोन्ही बाजूंना नियम सारखाच लावायला हवा. प्रयासचा आकडासुद्धा अंदाजच होता. त्यांच्याकडे काही राज्यभरच्या पंपांचे मीटर नव्हते. मग फरक कुठे पडला? त्यांनी आपला अंदाज कशावर उभा आहे ते मांडलं. वाचणाऱ्याला त्यातलं एखादं गृहीतक पटलं नाही तर तो ते बदलून स्वतः उत्तर काढू शकत होता. अधिकृत आकड्याच्या बाबतीत ही सोय नव्हती. माझ्या मते नीतिमत्तेची कसोटी इथेच आहे. तुमचा आकडा बरोबर आहे की चूक हे कधीकधी दहा वर्षांनी कळतं. तो चूक असेल तर दुसऱ्याला पकडता येईल असा तुम्ही लिहिला आहे का, हे आजच कळतं.

आणखी एक. या गोष्टीत फील्डवरच्या इंजिनिअरला खलनायक करू नका. विहिरी दूरवर विखुरलेल्या, पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी जात नाही, वीज पडून मीटर जळतात, आणि एका लाईनमनकडे कितीतरी गावं. अशा माणसाला खरं रीडिंग आण म्हणणं सोपं आहे. पण 'रीडिंग घेता आलं नाही' असा रकाना फॉर्मात नसेल, तर तो बिचारा काहीतरी आकडा लिहिणारच. खोटं अनेकदा फॉर्मच्या रचनेतच असतं. फॉर्म भरणारा फक्त ते पूर्ण करतो.

आचारसंहिता काय म्हणते, काय म्हणत नाही

आपल्या व्यवसायाला संहिता नाही असं नाही. अमेरिकेतल्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरांच्या संस्थेने, म्हणजे आजच्या आयईईईच्या पूर्वसुरींनी, १९१२ मध्येच आचारसंहिता स्वीकारली. आयईईईच्या सध्याच्या संहितेत दहा कलमं आहेत, २०२० मध्ये ती नव्याने मांडली गेली. त्यात एक कलम आपल्या कामाचं आहे: उपलब्ध माहितीवर आधारलेले दावे आणि अंदाज प्रामाणिक आणि वास्तवाला धरून असावेत, प्रामाणिक टीका मागावी, स्वीकारावी, करावी, चूक झाली तर कबूल करून दुरुस्त करावी. मला विचाराल तर यूजीसीच्या तीस तासांपेक्षा हे एक वाक्य इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्याला जास्त कामाचं आहे, कारण त्यात 'अंदाज' हा शब्द आहे.

पण याच वाक्यात एक पोकळीही आहे. साहेबांनी गळतीचं टार्गेट दिलंय, मार्च एंड आहे, आणि तुम्ही नोकरीला लागून आठ महिने झालेत. तुम्ही प्रामाणिक अंदाज दिला. तो परत आला. आता? इथे संहिता गप्प होते.

पुस्तकांत यावर एक ठरलेलं उदाहरण असतं, बार्टचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या लोकल रेल्वेच्या स्वयंचलित नियंत्रणाबद्दल तीन इंजिनिअरांनी आधी वरिष्ठांना आणि मग संचालक मंडळातल्या एकाला सावध केलं. मार्च १९७२ मध्ये तिघांनाही काढून टाकलं. ऑक्टोबरमध्ये फ्रीमाँट स्टेशनवर गाडी थांबलीच नाही, रुळांच्या टोकापलीकडे गेली, प्रवासी जखमी झाले. तिघांनी खटला भरला. आयईईईने १९७५ मध्ये न्यायालयात आपलं म्हणणं मांडलं, पण प्रकरण सुनावणीआधीच आपसात मिटलं. १९७८ मध्ये आयईईईने त्या तिघांना लोकहिताच्या कामासाठी पुरस्कार दिला. नोकरी गेल्यावर सहा वर्षांनी पुरस्कार. करिअरच्या भाषेत हा हिशेब कसा लागतो ते तुम्हीच बघा.

हे उदाहरण शिकवण्यावर माझा आक्षेप वेगळा आहे. त्यात गाडी रुळावरून जाते. जगाला दिसतं, फोटो छापून येतो, इंजिनिअर बरोबर होते हे सिद्ध होतं. आपल्या आकड्यांच्या बाबतीत गाडी कधीच रुळावरून जात नाही. नुकसान थोडं थोडं, हजारो ठिकाणी वाटलं जातं. भार कमी धरला म्हणून डीपी लहान बसते. थ्री फेज आली की ऑटो स्विचवरचे सगळे पंप एकदम सुरू होतात, व्होल्टेज पडतं. इंडक्शन मोटारीचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, स्लिप वाढते, करंट वाढतो आणि वाइंडिंग जळतं. ऐन गव्हाच्या पाण्यात मोटार दुकानात. यात कुणाचं नाव घेणार? दुसरीकडे 'शेतकरी एवढी वीज फुकट जाळतात' हे वाक्य शहरात तयार होतं, आणि त्यातली काही वीज शेतकऱ्याच्या वावरात कधी पोचलेलीच नसते. बार्टचं उदाहरण वाचून विद्यार्थ्याला वाटतं की नीतिमत्ता म्हणजे आयुष्यात एकदा येणारा मोठा प्रसंग. आपल्या धंद्यात ती रोज दुपारी तीन वाजता एक्सेलच्या एका चौकटीत येते.

माझी चौकट

हे सगळं शहाणपण मला कोर्समधून आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी बाभुळगाव तालुक्यात बारा पंपांवर लॉगर बसवले होते, बेंबळा प्रकल्पाच्या पट्ट्यात. डिसेंबरमध्ये तीन लॉगरच्या बॅटऱ्या गेल्या आणि एकोणीस दिवसांची नोंद आली नाही. मी उरलेल्या नऊ पंपांची सरासरी काढली आणि रिकाम्या जागा भरल्या. सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीची आज्ञा आहे त्यासाठी. पेपरमध्ये लिहिलं, 'बारा पंपांच्या मोजमापावरून'. कॉन्फरन्सला पेपर स्वीकारला गेला. रिव्ह्यूअरने संदर्भांच्या शैलीवर दोन शेरे दिले, माहितीवर एकही नाही.

पुढे लॉगर काढायला गेलो तेव्हा त्या तिघांपैकी एका काकांना मी मोठ्या उत्साहाने त्यांचा आलेख दाखवला. डिसेंबरात तुमची मोटार रोज साडेपाच तास चालली म्हणालो. काका हसले. म्हणाले, "तवा कायची चालते बापू? माही मोटार जळेल होती. यवतमाळले टाकली होती रिवायंडिंगले."

दुकानात उघडी पडलेली मोटार माझ्या आलेखात रोज साडेपाच तास पाणी ओढत होती. ज्या सरासरी बिलाबद्दल मी चहाच्या टपरीवर तावातावाने बोलायचो, तेच बिल मी त्या काकांच्या नावावर फाडलं होतं.

गाईडला सांगितलं. आयोजकांना मेल केला, पेपर नऊ पंपांवर आणून पुन्हा पाठवला. निष्कर्ष आधीइतका जोरकस राहिला नाही. नुकसान म्हणाल तर इतकंच. पण मी हा प्रसंग सांगतोय तो वेगळ्या कारणासाठी. मी काही बनवलं नव्हतं, बदललं नव्हतं, ढापलं नव्हतं. कोर्समधल्या तिन्ही पापांतून मी सुटलो असतो.

मग करायचं काय?

संशोधन सुरू करण्याआधीच लावून घ्याव्यात अशा काही सवयी सांगतो. उपदेश म्हणून नका घेऊ. यातली प्रत्येक चुकल्यावर सुचलेली आहे.

पहिली: प्रत्येक आकड्याला जात द्या. मोजलेला, काढलेला, मानलेला. तीनच जाती पुरतात. मी टेबलात तीन रंग वापरतो. एखादं टेबल सगळंच 'मानलेल्या' रंगात रंगलं, की तो पेपर लिहायची घाई आपोआप कमी होते.

दुसरी: मानलेला आकडा एकटा लिहू नका. १,२०० तास लिहिलंत तर ९०० ला काय होतं आणि १,८०० ला काय होतं तेही द्या. निष्कर्ष मधेच उलटत असेल तर तीच तुमच्या पेपरमधली सर्वात महत्त्वाची ओळ आहे. ती परिशिष्टात लपवू नका.

तिसरी: कंपनीकडून आलेली माहिती म्हणजे मोजमाप असं धरू नका. फीडरच्या मीटरचा आकडासुद्धा सीटी रेशोने गुणून येतो. जागेवर ४००/५ चा सीटी आणि वहीत २००/५ असेल, तर तुमचा फीडर अर्धाच दिसेल. हल्ली भाराचा अंदाज बांधणाऱ्या मशीन लर्निंगच्या पेपरांचा पूर आहे. त्यात शेतीच्या भाराचा रकाना दिसला की विचारा, हा मोजलेला की ठरवलेला? ठरवलेला असेल, तर 'चूक फक्त दोन टक्के' याचा अर्थ मॉडेलने शेती शिकली असा होत नाही. ज्या सूत्राने कारकुनाने तो रकाना भरला, ते सूत्र मॉडेलने शिकलं.

चौथी: असहमती लेखी ठेवा, आणि भाषा आकड्याची ठेवा. 'हे खोटं आहे' म्हणण्यापेक्षा 'हा आकडा अमुक गृहीतकावर आहे, ते बदललं तर निकाल असा बदलतो' असं लिहा. याने धाडस कमी होत नाही. उलट पुढे कुणी फाईल उघडली तर तुमचा कागद उपयोगी पडतो.

पाचवी: जिथे आकडे उघड्यावर येतात तिथे जायची सवय लावा. वीजदराचा अर्ज कंपनीला जाहीर करावा लागतो आणि त्यावर कुणालाही सूचना-हरकत मांडता येते. वीज कायद्याच्या कलम ६४ मध्येच ते आहे. आयोगाचे आदेश जाड असतात, कंटाळवाणे असतात, आणि फुकट असतात. एका आदेशातलं शेतीच्या वापराचं प्रकरण नीट वाचलंत तर तीन पेपरांचे प्रश्न सुचतील. प्रयासने घराघरांत बसवलेल्या यंत्रांतून दर मिनिटाच्या व्होल्टेजच्या नोंदी गोळा केल्या आणि त्या खुल्या ठेवल्या आहेत. ज्याला मोजलेली माहिती मिळत नाही असं वाटतं, त्याने तिथून सुरुवात करावी.

करिअरचं काय?

हा प्रश्न तुम्ही विचारणारच, आणि विचारायलाच हवा. 'प्रामाणिक राहा, सगळं चांगलं होईल' असं मी सांगणार नाही. बार्टच्या तिघांचं तसं झालं नाही. पण उलट बाजूही पुरती बघा. गिरीश संत आयआयटी मुंबईचे. नेहमीची वाट त्यांना मोकळी होती. त्यांनी आयुष्य वीजक्षेत्रातले आकडे तपासण्यात घातलं, २०१२ मध्ये ते गेले, आणि आज राज्यातल्या वीजदरावर गंभीरपणे बोलायचं तर त्यांच्या कामाला टाळून पुढे जाता येत नाही. हेही एक करिअरच आहे. प्लेसमेंटच्या फलकावर ते दिसत नाही इतकंच.

सगळ्यांनी संस्था काढावी असं नाही. महावितरणमध्ये, आयोगात, सल्लागार कंपनीत, कॉलेजात, कुठेही बसलात तरी न मोजलेल्यासमोर 'न मोजलेला' असं लिहिणारा माणूस लागतोच. आणि त्याची गरज वाढत चालली आहे. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण ज्याला बिलच येत नाही त्याला मीटर चालू आहे की बंद याच्याशी देणंघेणं उरत नाही. पैसे सरकार भरतं, आणि ते वापराच्या आकड्यावर भरतं. फीडरजवळ सौर प्रकल्प उभे राहताहेत, ते किती मेगावॉटचे हवेत हेही त्याच आकड्यावर ठरतं. म्हणजे मोजण्याचं कारण घटतंय आणि आकड्याचं वजन वाढतंय. पुढची वीस वर्षं याच फटीत जाणार, आणि तुम्ही नेमके तेव्हा नोकरीत किंवा संशोधनात असाल.

तेव्हा कोर्सवर्कची परीक्षा द्या, साम्याचा रिपोर्ट काढा, तो दहाच्या आत आणा. ते लागतंच. पण सायनॉप्सिस देण्याच्या आदल्या रात्री आपलं पहिलं टेबल उघडा आणि प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून विचारा: हा कुणी टाकला? उत्तर 'मी, आणि असा असा' येत असेल तर पुढे जा. 'कुठून तरी आला' असं येत असेल, तर एक चक्कर वावरात मारून या.

पुढच्या वेळी हरवलेल्या नोंदी भरण्याच्या पद्धती घेऊ: कुठली कधी चालते, आणि ती वापरल्याचं पेपरमध्ये कसं लिहायचं.